उंदराच्या पापणीपासून

फुफ्फुसाच्या कॅन्सरवर काही गोळ्या अशा आहेत की त्या घेतल्यावर माणसाच्या पापण्यांचे केस वाढतात. नुसते वाढत नाहीत, तर दाट होतात, राठ होतात, वळतात आणि कधीकधी उलटे फिरून डोळ्यालाच टोचायला लागतात. भुवया झुडपासारख्या होतात. बायकांना गालावर आणि ओठावर लव येते. डोक्यावरचे जन्मभर सरळसोट असलेले केस दोन-तीन महिन्यांत कुरळे आणि कोरडे होतात. याच्या आधी, म्हणजे गोळी सुरू केल्यापासून आठ-दहा दिवसांतच, चेहऱ्यावर, छातीवर, पाठीवर पुटकुळ्या उठतात. सोळाव्या वर्षी येतात तशा, पण साठाव्या वर्षी. पुढे हातापायाच्या बोटांना नखुरडं होतं.

कॅन्सरचं औषध म्हणजे केस गळणार, एवढं आपल्याला हिंदी सिनेमाने शिकवलेलं असतं. ('आनंद'मधल्या राजेश खन्नाचा तर एक केसही विस्कटला नव्हता, पण ते सोडा.) केस उगवणं हे मात्र कुठल्याच सिनेमात नसतं. त्यामुळे हे प्रकार दिसले की पहिला अंदाज असतो 'उष्णता झाली', दुसरा 'गोळी बाधली' आणि तिसरा 'गोळी डुप्लिकेट आहे'.

तिन्ही चूक. मंडळी, गंमत अशी आहे की हे सगळं कातडी-केसांचं प्रकरण त्या गोळ्या जन्माला येण्याच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी एका माणसाने पाहून ठेवलं होतं. फक्त उलट्या बाजूने. या औषधांचा इतिहास मुळी कातडीपासूनच सुरू होतो, कॅन्सर त्यात बराच उशिरा आला.

(आधीच सांगतो, मी डॉक्टर आहे तो नावापुढे लावण्यापुरता. माझी पीएचडी तापणाऱ्या धातूंवरच्या लेपांवर आहे आणि पोटही त्याच्यावरच चालतं. तेव्हा खाली जे आहे तो इतिहास आहे, औषधाची चिठ्ठी नव्हे.)

मी राहतो ते नॅशव्हिल, अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचं गाव. लोक इथे येतात ते गिटार आणि काउबॉय टोप्यांसाठी. इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात स्टॅनली कोहेन नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ १९५९ पासून निवृत्त होईपर्यंत होते. ब्रुकलिनमधल्या एका स्थलांतरित ज्यू शिंप्याचा हा मुलगा. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करताना रात्री कँपसच्या हिरवळीवर फिरून हजारो गांडुळं गोळा केलेली. तोंडात पाइप, सोबत स्मॉग नावाचं गावठी कुत्रं. २०२० साली, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन ते नॅशव्हिलमध्येच वारले.

नॅशव्हिलला येण्याआधी कोहेन सेंट लुइसला रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याबरोबर काम करत. या बाई इटालियन, मुसोलिनीच्या ज्यूविरोधी कायद्यांमुळे नोकरी गेल्यावर घराच्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग करणाऱ्या. त्यांच्यावर खरं तर वेगळा लेख हवा. दोघं मिळून मज्जातंतूंची वाढ करणारा पदार्थ शोधत होते. तो उंदराच्या एका गाठीत सापडला होता, पण शुद्ध करताना त्यात न्यूक्लिइक आम्लं मिसळलेली असत. ती तोडायला त्यांनी सापाचं विष वापरलं, कारण विषात तशी विकरं असतात. पाहतात तो काय, विषातच तो वाढघटक गाठीपेक्षा कितीतरी जास्त! मग विचार असा की सापाची विषग्रंथी म्हणजे शेवटी लाळेचीच ग्रंथी. तर उंदराच्या लाळग्रंथीत पाहू. तिथेही मिळाला, आणि नर उंदरात भरपूर मिळाला.

आता हा लाळग्रंथीचा कच्चा अर्क त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांना टोचला. मज्जातंतू वाढले, ते अपेक्षितच होतं. पण पिल्लांचे डोळेही लवकर उघडले. उंदराचं पिल्लू मिटल्या पापण्यांनी जन्मतं आणि बारा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतं. या पिल्लांनी सहा-सात दिवसांत उघडले. पुढचे दातही आठ-दहा दिवसांऐवजी पाच-सहा दिवसांत बाहेर आले.

प्रयोगशाळेत असं काही दिसलं की बहुतेक माणसं वहीत 'अर्कात अशुद्धी आहे' असं लिहून पुढे जातात. माझ्या ओळखीतले निदान नव्वद टक्के संशोधक तरी जातील. कोहेनना सेंट लुइसच्या प्राणिशास्त्र विभागात कायमची जागा मिळण्यासारखी नव्हती, तेव्हा ते ही 'अशुद्धी' घेऊन नॅशव्हिलला आले आणि पुढची कित्येक वर्षं तिच्याच मागे राहिले. शुद्ध मज्जातंतू-वाढघटक टोचला तर पापण्या वेळेआधी उघडत नाहीत, म्हणजे हे काम करणारं प्रथिन दुसरं आहे. १९६२ साली त्यांनी ते वेगळं काढल्याचं छापलं. त्या निबंधाच्या मथळ्यात पेशीबिशी, कॅन्सरबिन्सर काही नाही. दात येण्याचा आणि पापण्या उघडण्याचा वेग वाढवणारं प्रथिन, एवढंच. पापणीची कड कापून पाहिल्यावर कळलं की तिथली वरची कातडी भराभर वाढून पक्व झालेली असते. म्हणून प्रथिनाचं नाव पडलं एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे बाह्यत्वचेचा वाढघटक, थोडक्यात ईजीएफ.

नाव नीट वाचा. बाह्यत्वचेचा. ज्या औषधांनी कातडी बिघडली म्हणून २००० नंतर जगभर आश्चर्य व्यक्त झालं, ती औषधं ज्या साखळीला कुलूप लावतात तिच्या पहिल्याच कडीवर 'कातडी' असं लिहिलेलं होतं.

यानंतरचा काही भाग भराभर उरकतो. पेशीच्या पृष्ठभागावर हा ईजीएफ ज्याला येऊन चिकटतो तो रिसेप्टर, ईजीएफआर. ईजीएफ बाहेरून चिकटला की रिसेप्टरचं आतलं टोक जागं होतं आणि प्रथिनांवर फॉस्फेट डकवायला लागतं, हे १९८० पर्यंत कोहेन यांच्याच प्रयोगशाळेतून स्पष्ट झालं. १९८४ मध्ये रिसेप्टरची रचना वाचली गेली, आणि लंडनच्या गटाच्या लक्षात आलं की कोंबड्यांना कॅन्सर करणाऱ्या एका विषाणूतलं जनुक हे याच रिसेप्टरची तोडकी नक्कल आहे. बाहेरचं टोक नाही, त्यामुळे कोणी बेल वाजवली नाही तरी आतली घंटा चालूच. इथे कॅन्सर गोष्टीत आला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात जॉन मेंडेलसन आणि गॉर्डन सातो हा रिसेप्टर बाहेरून अडवणारी प्रतिपिंडं बनवत होते. १९८६ चं नोबेल कोहेन आणि लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळालं.

इंग्लंडमधला एक धागा मात्र सोडवत नाही. माणसाच्या मूत्रात जठरातलं आम्ल कमी करणारं 'युरोगॅस्ट्रोन' असतं. १९७५ मध्ये आयसीआय या कंपनीच्या हॅरी ग्रेगरी यांनी त्याची रचना काढली तेव्हा ते चक्क माणसाचं ईजीएफ निघालं. ते शोधत होते अल्सरचं औषध. त्याच आयसीआयच्या औषध विभागाचं पुढे झेनेका आणि मग अ‍ॅस्ट्राझेनेका झालं, आणि ईजीएफआर आतून बंद करणारी गेफिटिनिब ही गोळी तिथेच तयार झाली.

आता केसांकडे. केसांचा पुरावाही तीन वेगवेगळ्या ठिकाणी पडून होता.

एक, मेंढ्या. ऑस्ट्रेलियात लोकर कातरणारे मजूर मिळणं महाग आणि अवघड. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने, सीएसआयआरओने, मेंढीला ईजीएफ टोचून पाहिलं. एका इंजेक्शनने केसांची मुळं थोडे दिवस काम थांबवतात, सगळीकडची लोकर एका रेषेत कमकुवत होते आणि काही आठवड्यांनी गोधडी ओढावी तशी हाताने निघते. तोवर ती रानात गळून पडू नये म्हणून मेंढीला जाळीचा अंगरखा घालायचा! १९९८ साली हे 'बायोक्लिप' नावाने बाजारातही आलं. मेंढपाळांनी फारसं मनावर घेतलं नाही, पण मुद्दा सिद्ध झाला: हे प्रथिन जास्त झालं की केस थांबतो.

दोन, नागमोडी केसांचे उंदीर. १९३३ साली एडिंबरोमध्ये आणि पुन्हा १९३५ साली अशा उंदरांची नोंद झाली ज्यांच्या अंगावरचे केस लाटांसारखे आणि मिशा कुरळ्या होत्या. हौशी लोक मांजरांच्या जाती जपतात तसे हे वंश प्रयोगशाळांमध्ये जपून ठेवले गेले, कारण कोणालाच माहीत नव्हतं. साठ वर्षांनी, १९९३-९४ मध्ये उलगडा झाला. पहिल्या वंशात ईजीएफच्या एका सख्ख्या भावाचं जनुक बिघडलेलं होतं, दुसऱ्यात खुद्द ईजीएफ रिसेप्टरचं. रिसेप्टर दुबळा झाला की केस कुरळा.

तीन, १९९५ मध्ये ईजीएफआर पूर्ण काढून टाकलेले उंदीर तीन गटांनी तयार केले. पिल्लं उघड्या पापण्यांनी जन्मली आणि केसांची मुळं विस्कटलेली.

म्हणजे १९९५ साली एखाद्याने हे तीन निबंध शेजारी ठेवून वाचले असते, तर हा रिसेप्टर बंद करणारी गोळी माणसाला दिल्यावर कातडी, केस आणि पापण्या यांचं काय होईल ते त्याला जवळजवळ सगळं सांगता आलं असतं. पण मेंढीवाले मेंढ्यांच्या नियतकालिकात लिहितात, उंदीरवाले उंदरांच्या, आणि कॅन्सरवाल्यांना दोन्ही वाचायला वेळ नसतो. इंजिनिअरिंगमध्येही हेच चालतं, त्यामुळे फार बोलत नाही.

गेफिटिनिबला जपानने जुलै २००२ मध्ये जगात पहिली परवानगी दिली, अमेरिकेने मे २००३ मध्ये. जपानमध्ये काही महिन्यांतच फुफ्फुसाला सूज येऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आल्या आणि पुढे कोर्टकज्जेही झाले. दुसरीकडे दहातल्या एखाद्या रुग्णाची गाठ अशी वितळायची की डॉक्टर एक्स-रे पुन्हा काढायला लावत. हे रुग्ण बहुधा कधीही विडी-सिगरेट न ओढलेले, बऱ्याचदा स्त्रिया, बऱ्याचदा पूर्व आशियातले. कारण एप्रिल २००४ मध्ये बोस्टनच्या दोन गटांनी एकाच दिवशी जाहीर केलं: या गाठींमध्ये ईजीएफआरच्या जनुकात ठरावीक बदल असतो. फुफ्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात हा बदल गोऱ्या रुग्णांत साधारण दहा-पंधरा टक्के, पूर्व आशियात चाळीस-पन्नास टक्के, आणि भारतातल्या अहवालांत पाव ते एक तृतीयांश आढळतो.

पण हे कळेपर्यंत आणि त्याची तपासणी सर्वत्र होईपर्यंत मधली काही वर्षं गेली. त्या वर्षांत डॉक्टरांच्या हाती औषध लागू पडतंय का हे सांगणारी एकच फुकट खूण होती: चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या.

नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत दुसरी गोळी आली, एर्लोटिनिब. तिच्या मोठ्या ट्रायलमध्ये ७३१ रुग्ण होते. गोळी घेणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांना पुरळ आलं, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना. ज्यांना पुरळ जास्त, ते सरासरीने जास्त जगले. झालं! पुरळ म्हणजे शुभशकुन ठरलं. पुरळ येईपर्यंत डोस वाढवत न्यायचा, अशाही ट्रायल झाल्या. रुग्णांना 'अभिनंदन, औषध लागू पडतंय' असं सांगितलं जाऊ लागलं.

यात तथ्य होतं, पण अर्धंच. गेफिटिनिबचा नेहमीचा २५० मिलिग्रॅमचा डोस माणसाला सोसवणाऱ्या कमाल डोसच्या साधारण एक तृतीयांश आहे, तर एर्लोटिनिबचा १५० मिलिग्रॅमचा डोस त्या कमाल रेषेवरच ठेवलेला. तेव्हा एर्लोटिनिबने पुरळ जास्त येणारच. आमच्या भाषेत एकाचा फॅक्टर ऑफ सेफ्टी तीन आणि दुसऱ्याचा एक. सिगरेट ओढणाऱ्यांच्या यकृतात एर्लोटिनिब लवकर जळून जातं, म्हणून त्यांना पुरळ कमी. म्हणजे पुरळ हे बरंचसं रक्तात औषध किती आहे याचं मीटर होतं. औषध पोचतंय हे ते सांगतं. गाठ ऐकतेय की नाही हे सांगेलच असं नाही. कातडीतला रिसेप्टर निरोगी, मूळ नमुन्याचा असतो आणि गाठीतला बिघडलेला, हे दोघं एकच नव्हेत.

कातडीत नेमकं काय होतं तेही हळूहळू कळलं. बाह्यत्वचेच्या तळाच्या पेशी ईजीएफआरच्या इशाऱ्यावर वाढत राहतात. इशारा बंद झाला की त्या वेळेआधी म्हाताऱ्या होतात, थर पातळ आणि कोरडा होतो, आणि त्या पेशी धोक्याची रसायनं सोडून पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. पू दिसतो, पण सुरुवातीला जंतू नसतात. मुरमासारखं दिसतं, पण मुरूम नव्हे, कारण मुरमातला काळा खिळा यात नसतो. त्यामुळे मुरमांची कडक मलमं लावली की आधीच कोरडी झालेली कातडी आणखी सोलते. आणखी एक विचित्र निरीक्षण: पूर्वी जिथे रेडिएशन दिलेलं असतं तो चौकोन सोडून बाकी सगळीकडे पुरळ येतं, जणू कोणी पट्टीने आखून दिलंय. केसाची गोष्ट वेगळ्या घड्याळाची. डोक्याचा केस वर्षानुवर्षं वाढतो आणि पापणीचा काही आठवड्यांत थांबतो, कारण प्रत्येक मुळाचं वाढ आणि विश्रांतीचं चक्र ठरलेलं असतं, आणि ईजीएफआर त्या चक्रातला एक इशारा. तो बंद झाल्यावर पापणीचा केस थांबायचं विसरतो आणि डोक्याचा केस नीट वाढायचं विसरतो. (२००८ पासून अमेरिकेत पापण्या लांब करायचं एक अधिकृत औषध मिळतं आणि लोक त्यासाठी चांगले पैसे मोजतात. ते वेगळ्या वाटेने काम करतं. पण हौसेची गोष्ट आणि दुष्परिणाम दिसायला सारखेच, याची गंमत वाटते.)

आता हे सगळं मी का वाचत बसलो ते सांगतो. माझी एक मावशी सांगलीकडची. जन्मात तंबाखूला हात न लावलेली. २०१६ मध्ये तिला हाच कॅन्सर निघाला, जनुकाची तपासणी झाली आणि गेफिटिनिब सुरू झाली. दोन महिन्यांत खोकला थांबला, ती पुन्हा फुलं तोडायला अंगणात जाऊ लागली. पण चेहरा पुटकुळ्यांनी भरला, केस कुरळे झाले, ओठावर लव आली. सब्जा, गुलकंद, उगाळलेलं चंदन, सगळं झालं. शेजारच्या काकूंनी देवी आल्या म्हणून कडुनिंबाचा पाला आणून दिला. आणि त्यातच धाकट्या दिराच्या मुलीचं लग्न आलं. लग्नाला तीन आठवडे असताना मावशीचा चेहरा अचानक स्वच्छ व्हायला लागला. सगळे खूश. माझी मावसबहीण एकटी हुशार. तिने तांदळाच्या डब्यामागे लपवलेल्या गोळ्यांच्या न उघडलेल्या पट्ट्या शोधून काढल्या.

तिने मला फोन केला, कारण मी घरातला 'अमेरिकेतला डॉक्टर'. मी पीएचडीच्या मधल्या वर्षात, धातूंमध्ये बुडालेला. पण लायब्ररी तर समोरच होती. दोन रात्री वाचून मी मावशीला फोनवर उंदरांची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "म्हणजे उंदरानं डोळे लवकर उघडले त्याची शिक्षा मला होय रे?" मग जरा वेळाने म्हणाली, "डॉक्टर विचारतात खोकला कसा, वजन किती. तोंडाचं कुणी विचारत नाही. मीच कशी सांगू, एवढ्या मोठ्या आजारात मला तोंडाची पडलीय म्हणून?"

बहिणीने तिच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी रागावण्याऐवजी एक साधी अँटिबायोटिक गोळी, एक सौम्य मलम आणि उन्हात न जाण्याची सूचना दिली आणि गेफिटिनिब पुन्हा सुरू केली. लग्नात ती थोड्या पुटकुळ्या घेऊन बसली. २०१८ च्या पावसाळ्यात ती गेली. त्या तीन आठवड्यांमुळे काही झालं असं नाही. या गोळ्यांना गाठ वर्ष-दीड वर्षात हुलकावणी देतेच, हे तेव्हाचं सर्वसाधारण चित्र होतं.

पण तिचं ते 'कुणी विचारत नाही' हे ट्रायलच्या कागदांतही आहे. दुष्परिणामाची तीव्रता पायऱ्यांमध्ये मोजतात, आणि पुरळ मोजायची एक मुख्य पट्टी म्हणजे अंगाचा किती टक्के भाग व्यापला. दहा टक्क्यांच्या आत असेल तर पहिली, म्हणजे सर्वात सौम्य पायरी. भाजलेल्या रुग्णांसाठी जे गणित वापरतात त्यात डोकं-मानेची पुढची बाजू साडेचार टक्के भरते. म्हणजे अख्खा चेहरा पुटकुळ्यांनी भरला तरी नुसत्या क्षेत्रफळाने तो 'सौम्य'. २००९ च्या सुधारित नियमावलीत मनावर होणारा परिणामही धरावा असं घातलं गेलं. एखाद्या मोजमापाच्या माणसालाही ते सुचायला हवं होतं, पण मोजायला सोपं तेच मोजलं जातं.

काही लोकांनी मात्र वेळेवर विचारलं. २००५ मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मारियो लाकुतूर या त्वचातज्ज्ञाने केवळ या औषधांच्या कातडी-डोळ्यांच्या तक्रारींसाठी वेगळं क्लिनिक काढलं. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या ट्रायलमध्ये (ती मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची, पण औषध याच रिसेप्टरविरुद्धचं) पुरळ उठायची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सौम्य स्टेरॉइड मलम आणि डॉक्सिसायक्लीन दिलं. मध्यम किंवा तीव्र त्रास ६२ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आला. यातली एकही वस्तू नवी नाही, सगळ्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात मिळतात. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत हे खरं, पण त्यांच्याकडे मागू नयेत असं कुठे आहे?

शुभशकुनाच्या समजुतीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत ओसिमेर्टिनिब आलं. हे बिघडलेल्या रिसेप्टरवर जोरात बसतं आणि कातडीतल्या मूळ रिसेप्टरला बरंच मोकळं सोडतं. जुन्या गोळ्यांशी समोरासमोर तुलना झाली तेव्हा पुरळ-मुरमं ७८ टक्क्यांऐवजी ५८ टक्क्यांना आली आणि आजार आटोक्यात राहण्याचा मध्यांक १०.२ महिन्यांऐवजी १८.९ महिने झाला. पुरळ कमी, आयुष्य जास्त. तेव्हा 'पुरळ नाही म्हणजे औषध चालत नाही' हे आता कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि 'पुरळ आलंय, चांगलं आहे, सोसा' हेही ऐकू नका.

भारतात मात्र जुन्या गोळ्या अजून खूप वापरल्या जातात, त्याचं कारण किंमत. २००८ मध्ये रोश आणि सिप्ला यांच्या एर्लोटिनिबच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयासमोर एका गोळीला ४,८०० आणि १,६०० रुपये असे आकडे होते. न्यायालयाने सिप्लाला तात्पुरती मनाई करायला नकार दिला, त्यात हा फरकही विचारात घेतला. आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्वस्त गेफिटिनिबलाच केमोथेरपीची जोड देऊन ३५० रुग्णांवर ट्रायल केली. निकाल २०१९ मध्ये जाहीर झाला: आजार आटोक्यात राहण्याचा मध्यांक आठ महिन्यांवरून सोळा महिने. केमोचे जास्तीचे त्रास त्यात आहेतच, पण आपल्या खिशाला झेपणाऱ्या औषधातून एवढं काढणं ही मोठी गोष्ट आहे. याचा अर्थ पुटकुळ्या, नखुरडी आणि कुरळ्या पापण्या आपल्याकडे इतक्यात जाणार नाहीत.

पश्चिमेकडेही त्या परत आल्या आहेत. मे २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं अमिव्हँटामॅब हे सलाईनमधून द्यायचं औषध रिसेप्टरला पुन्हा बाहेरून धरतं आणि कातडीचं सगळं प्रकरण जोरात सुरू होतं. पण या वेळी कोणी शकुन पाहत बसलं नाही. सुरुवातीपासून डॉक्सिसायक्लीन किंवा तिची बहीण मिनोसायक्लीन, डोक्याला अँटिबायोटिक लोशन, नखांना जंतुनाशक आणि अंगाला चांगलं मॉइश्चरायझर, अशी ट्रायल झाली आणि पहिल्या बारा आठवड्यांतले त्रास जवळपास निम्म्यावर आल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं.

पापण्यांच्या केसांवर मात्र अशी काही योजना नाही. ते बाहेर वाढत असतील तर छोट्या कात्रीने कापायचे, शक्यतो दुसऱ्या कोणीतरी. आत वळून डोळा लाल होत असेल, पाणी येत असेल, टोचत असेल, तर घरी चिमटा न लावता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, कारण बुबुळाला जखम होऊ शकते. औषध थांबलं की काही महिन्यांत ते पूर्वीसारखे होतात.